भेट प्रत मिळणार नाही : पहिल्या पुस्तकाच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२५, रविवार, साखळी

आज आषाढी, विठ्ठलापुरात ही गर्दी, गाडी लावायला जागा नाही, त्यामुळे अकराची मिटिंग साडेबाराला सुरू झाली. सगळ्यांचा उपास, म्हणून भांडणं जरा हळू आवाजात झाली. सातही जण हजर. इतरांची पुस्तकं काढायला आम्ही लिहिणाऱ्यांनी संस्था काढतोय, तिची १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी करायची तर निदान सात सह्या लागतातच, सातवा मिळेपर्यंत पावसाळा लागला. सातही लिहिणारे. त्यातले तीन कवी आहेत, तो धोका पत्करलाय.

तीन गोष्टी ठरल्या आणि तिन्ही घटनेत लिहून घेतल्या. लेखकाकडून एक रुपया घ्यायचा नाही. आम्हा सातांपैकी कुणाचंही पुस्तक पहिली तीन वर्षं काढायचं नाही (यावर एक कवी बराच वेळ गप्प होता, पण सही केली). आणि तिसरं, ज्यावर खरा वाद झाला, भेट प्रत कुणालाच नाही. लेखकाच्या दहा सोडून. आम्हालासुद्धा नाही, पाहिजे तर विकत घ्या.

हे लिहून ठेवते, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी विचारेलच की एवढं कडक कशाला. गोव्यात मराठी पुस्तक कसं निघतं ते आपल्याला माहिती आहे. अनुदान मिळालं तर मिळालं, नाहीतर पीएफमधले पैसे काढायचे, पाचशे प्रती छापायच्या, हॉल घ्यायचा, प्रमुख पाहुणे, शाल श्रीफळ, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, मग शंभर-दीडशे प्रतींवर 'सप्रेम भेट' लिहून वाटायच्या आणि बाकीच्या कॉटखाली. आम्हा सातांच्याही घरी असे गठ्ठे आहेत. आणि मग आपणच म्हणतो की गोव्यात मराठी वाचणारा उरला नाही. अरे पण इथे गावागावात मराठी पेपर सकाळी चहाबरोबर वाचला जातो, देवळाचा उत्सव असला की मराठी नाटक होतंच, भजनं मराठीत चालतात. वाचणारा आहे, त्याच्यापर्यंत पुस्तक नेऊन त्याला किंमत सांगायला कुणी जात नाही, एवढंच आहे. निदान माझं तरी असं मत आहे, आमच्यातल्या मास्तरांचं मत वेगळं आहे, ते म्हणाले, "बाय, फुकट दिलेलं लोक वाचत नाहीत हे खरं, पण विकत घेतलेलं तरी कुठे वाचतात?"

मास्तर खजिनदार झाले. प्रत्येकी दहा हजार जमा करायचे, म्हणजे सत्तर हजार भांडवल.

१९ जुलै २०२५

हस्तलिखितं मागवली होती ती आली. बहुतेक कविता. काही श्रीलिपी फॉन्टमध्ये, काही वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले तिरके फोटो, एकाने तर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवल्या, 'ऐकून घ्या आणि टाइप करा' म्हणून. नाव झाकून वाचायचं ठरलं होतं, पण गोवा एवढा लहान की नाव झाकलं तरी दुसऱ्या पानावर कळतं कुणाचं ते. तरी झाकलं.

एक कथासंग्रह मात्र कुणालाच ओळखता आला नाही. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातल्या कथा. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा ज्यांच्या दारात कर्जावर घेतलेले टिप्पर उभे राहिले त्या घरांच्या, मग थोडं सुरू झालं, मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीजांची नूतनीकरणं रद्द केली आणि परत सगळं ठप्प. हे सगळं आपण पेपरात इतक्या वेळा वाचलंय की मला वाटलं परत तेच रडगाणं असेल, पण नाही. एका कथेत नवरा रोज सकाळी उठून उभ्या ट्रकचं इंजिन दहा मिनिटं चालू करून बंद करतो आणि बायको त्या डिझेलचा हिशेब कॅलेंडरवर लिहिते. बस, एवढीच कथा. सातांपैकी पाच मतं याला पडली.

लेखक तिशीतला आहे, फोनवर म्हणाला, "पैसे किती भरायचे?" भरायचे नाहीत म्हटल्यावर त्याला संशय आला, म्हणाला घरी विचारून सांगतो.

२ ऑगस्ट २०२५

करार. मराठीत छोट्या प्रकाशनांत करार करायची पद्धतच कमी, सगळं तोंडी आणि मग वर्षानुवर्षं अबोला. आम्ही दीड पानाचा साध्या मराठीत केला. वकिलाकडून तपासून घेतला, त्याने एक कामाची गोष्ट सांगितली, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, त्यात हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलंच नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरतात. म्हणजे न लिहून काही आभाळ कोसळत नाही, पण लिहिलेलं बरं. आम्ही पाच वर्षंच लिहिली, फक्त मराठी छापील आवृत्ती, बाकी अनुवाद, नाटक, सिनेमा सगळं लेखकाचं.

रॉयल्टी पंधरा टक्के, छापील किमतीवर, विकलेल्या प्रतींवर, सहा महिन्यांनी हिशेब. साधारण दहा देतात (देतात तेव्हा). मास्तरांना पंधरा जास्त वाटले. वास्कोवाली भाषांतरं करते, तिचं वाचन आमच्यात सगळ्यात जास्त, तिने कोट्टायमचं उदाहरण दिलं, १९४५ साली मल्याळी लेखकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, साहित्य प्रवर्तक, आणि लेखकाला नीट मोबदला मिळाला पाहिजे म्हणूनच काढली. मुंबईत १९७६ च्या सुमाराला कोलटकर, मेहरोत्रा, जसावाला, गीव्ह पटेल यांनी क्लिअरिंग हाऊस चालवलं, ते इंग्रजी कवितेचं होतं, पण कल्पना तीच, कवींनी एकमेकांची पुस्तकं काढायची. मास्तर म्हणाले, ते एकमेकांची काढत होते, तुम्ही तर स्वतःची काढायलाच बंदी घातलीत. मुद्दा बरोबर आहे. पण गोव्यात ही बंदी लागतेच, नाहीतर चौथ्या महिन्यात लोक म्हणतील आपापली छापायला दुकान काढलंय.

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

संपादन. ही नोंद मोठी होणार.

लेखकाने दिलेली पानं लावून बघितली तर डेमी आकारात २५६ होत होती, सोळा फर्मे (एक फर्मा सोळा पानांचा). अकरा कथा. मी आणि डॉक्टर (गुरांचे डॉक्टर आहेत, कथा लिहितात) दोघांनी वेगवेगळ्या वाचल्या आणि मग बसलो. आपल्याकडे संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघणं असंच बहुतेकांना वाटतं. पुस्तकावर 'संपादक' म्हणून मोठं नाव छापलेलं असतं आणि त्या माणसाने हस्तलिखित उघडलेलं पण नसतं. आम्हाला ते करायचं नव्हतं, पण करायचं म्हणजे काय हे पण शिकायचंच होतं.

दोन कथा काढा म्हटलं. एक चांगली होती, पण तीच गोष्ट दुसऱ्या कथेत जास्त चांगली आलेली. दुसरी वाईट होती. शिवाय प्रत्येक कथेचा शेवटचा परिच्छेद काढा म्हटलं, कारण प्रत्येक कथा संपल्यावर लेखक परत येऊन ती समजावून सांगत होता. वजनकाट्याची कथा बघा, ट्रक काट्यावर चढतो, काट्यावरचा माणूस आणि ड्रायव्हर लहानपणचे दोस्त, आकडा लिहिताना दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. संपली ना तिथे? पण पुढे बारा ओळी व्यवस्था माणसाला कशी बदलते वगैरे. लेखक सगळं ऐकून 'बरं' म्हणाला आणि गेला, मग फोन उचलेना. डॉक्टर म्हणाले गेला हातचा. आठवडाभराने स्वतःच आला, शेवट कापून आणला होता, आणि एका कथेचा तर शेवटून दीड पान कापलं होतं, आम्ही सांगितलं होतं त्याच्या दुप्पट. चांगली काढलेली कथा मात्र परत घाला म्हणाला, त्यावर तासभर वाद झाला. शेवटी नाही घातली. तो अजून नाराज आहे आणि मला अजून खात्री नाही.

संवादांचा प्रश्न वेगळा. निवेदन मराठीत, माणसं बोलतात ती सत्तरीतल्या गावची बोली. आमच्यातला पेडण्याचा नाटककार म्हणाला मागे शब्दार्थ द्या, पुण्या-मुंबईचा वाचक काय समजणार. मी विरोधात. आपण लहानपणापासून विदर्भाच्या, मराठवाड्याच्या बोलीतलं वाचत आलो, कुणी शब्दार्थ दिले होते? अडलं तिथे पुढच्या वाक्यात कळत गेलं. मतदान झालं, शब्दार्थ पडले.

आता २०८ पानं, तेरा फर्मे.

२७ ऑगस्ट २०२५

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. काम बंद. कुणी फोन करू नये.

७ सप्टेंबर २०२५, रविवार

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचे ओळख क्रमांक, आले. राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर अर्ज करायचा, फी नाही. इथे बऱ्याच लेखकांना मध्यस्थ लोक याचे पैसे लावतात, म्हणून लिहून ठेवलं, भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. कागदपत्रं नीट लावावी लागतात, एवढंच.

फॉन्टचं प्रकरण. लेखकाने श्रीलिपीत टाइप केलेलं, ते युनिकोडमध्ये कन्व्हर्ट केलं तर नेहमीचेच यशस्वी कलाकार मोडले, 'कोपऱ्यात', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यातला अर्धा र कुठे रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला, कुठे नुसता चौकोन. शोधा-बदला करून बरेच सुटले, पण शोधा-बदला आंधळं असतं, एका ठिकाणी चांगला 'कार्य' होता त्याचाच 'काऱ्य' झाला. शेवटी डीटीपीवालीने आणि मी एकेक पान डोळ्यांनी बघितलं.

मग ल आणि श. कितीतरी फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल, श येतात आणि वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं. काही फॉन्टमध्ये मराठी वळण आत दिलेलं असतं, फक्त मजकुराची भाषा मराठी निवडली पाहिजे, तरच ते उमटतं. डीटीपीवाली इतकी वर्षं काम करते, तिने हिंदीच निवडून ठेवलेलं, कारण आधीच्या कुणीतरी तसं सेटिंग करून दिलेलं. बदललं आणि पान एकदम आपलं दिसायला लागलं. आयआयटी मुंबईचा शोभिका वापरला, मोफत आणि ओपन लायसनचा.

मुद्रितशोधनाला सहा हजार द्यायचे ठरले, बाहेरच्या बाईंना, ओळखीतल्या निवृत्त शिक्षकाला 'जरा बघा हो' म्हणून नाही. मास्तर स्वतः निवृत्त शिक्षक, त्यांना हे लागलं.

२३ सप्टेंबर २०२५

कालपासून कागदावरचा जीएसटी १२ चा १८ टक्के. पुस्तकावर शून्य. ऐकायला बरं वाटतं की पुस्तकावर कर नाही, पण विकताना कर लावत नाही म्हणून कागदावर भरलेला परत मागता येत नाही, तो पुस्तकाच्या किमतीत जाऊन बसतो. छापखान्याने नवीन कोटेशन पाठवलं. छपाई, कागद, बांधणी मिळून पाचशे प्रतींचे एक्कावन्न हजार. तीनशेच छापल्या तर डिजिटलवर होईल, पण प्रतीमागे जास्त पडतं. बराच हिशेब करून पाचशेवरच आलो.

कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) नॅचरल शेड. कव्हर ३०० चं आर्टकार्ड, मॅट. शिवून बांधायचं, नुसतं गमने चिकटवायचं नाही, पावसात गोव्यात चिकटवलेली पुस्तकं पानं सोडतात.

५ ऑक्टोबर २०२५

कोल्हापूरहून प्रूफ आलं. गोव्यात छापलं असतं, विचारलं पण होतं, पण देवनागरी पुस्तकाची नीट शिवण बांधणी आपल्या बजेटमध्ये जमेना. यावर पेडण्याच्या नाटककाराचं नेहमीचं भाषण झालं, भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, तोही अबिसिनियाला चाललेला, वाटेत इथेच राहिला, आणि फादर स्टीफन्सचं मराठी पुराण १६१६ ला इथे राशोलला छापलं, आणि आज आम्ही नऊ कथा छापायला घाट चढतो. ते पुराणही रोमी लिपीत छापलं होतं, देवनागरी टाइपची अडचण तेव्हाही होतीच, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर अर्धा तास कुणी प्रूफ बघितलं नाही.

प्रूफमध्ये सातव्या फर्म्याची दोन पानं आलटून-पालटून लागलेली. नशीब प्रूफलाच दिसलं. फोन केला, दुरुस्त करतो म्हणाले, दिवाळीच्या आधी देणं मात्र अशक्य म्हणाले.

किंमत ३०० ठरली. प्रकाशनपूर्व २२५, टपाल घेणाऱ्याकडे. खर्च सगळा धरून (कव्हरच्या चित्राचे चार हजार, प्रूफचे सहा, गाडीभाडं दीड) साडेबासष्ट हजार होतो, म्हणजे प्रतीला १२५. खर्चाच्या चौपट-पाचपट किंमत लावायची असा धंद्याचा हिशेब आहे, त्याने पाचशे-सहाशे रुपये लावावे लागतील, खाणपट्ट्यातल्या माणसाला ते आम्ही सांगू शकणार नाही.

१ नोव्हेंबर २०२५

गठ्ठे आले. शिवण चांगली आहे. आगाऊ मागणी ११८ प्रतींची झाली होती, त्यात गोव्याबाहेरच्या निम्म्याहून जास्त, हे कुणालाच अपेक्षित नव्हतं.

प्रकाशन सोहळा नाही हे लेखकाच्या आईला पटलेलं नाही. पाहुण्यांना काय सांगू म्हणतात.

५ नोव्हेंबर २०२५, त्रिपुरारी पौर्णिमा

साखळीला वाळवंटीच्या काठावर टेबल मांडलं. होड्या बघायला सगळा तालुका येतो, आमचं टेबल खाज्यांच्या दुकानाच्या शेजारी, ही जागा आयोजकांच्या ओळखीने मिळाली आणि उत्तम ठरली कारण खाजे घ्यायला थांबलेला माणूस दोन मिनिटं तरी इकडे बघतो. पहिला तास कुणीच नाही. मग एक ट्रकवाले काका आले, पुस्तक उघडून कुठलंतरी पान उभ्यानेच वाचायला लागले, दोन पानं वाचून झाल्यावर म्हणाले, "हें आमचेंच मरे", आणि "कितले?" विचारून तीनशे काढून दिले. सुट्टे पण मागितले नाहीत, तीनशेच होते. मी सांगते, एवढा आनंद मला माझ्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला तेव्हा झाला नव्हता.

पण त्याच संध्याकाळी ओळखीचे चार-पाच साहित्यिकही आले, प्रत्येकाने पुस्तक हातात घेतलं, चाळलं, छपाईचं कौतुक केलं आणि "म्हाका एक प्रत दवर गो" म्हणून खाजे घ्यायला गेले. एकाला किंमत सांगितली तर तो हसला, त्याला वाटलं मी मस्करी करतेय.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

अपेक्षित होतं ते झालं. दोन ज्येष्ठ लेखकांचे फोन, एका संस्थेच्या अध्यक्षांचा निरोप, एका समीक्षकाचा मेसेज, सगळ्यांचा सूर एकच, पुस्तक अजून मिळालं नाही. मिळालं नाही म्हणजे पाठवलं नाही. मी प्रत्येकाला सभ्य शब्दांत नियम सांगितला. एकाने लगेच जीपेवर तीनशे टाकले आणि वर लिहिलं की पन्नास वर्षांत पहिल्यांदा गोव्यातल्या लेखकाचं पुस्तक विकत घेतलं. दुसरे बोलायचे बंद झालेत.

समीक्षकांचं काय करायचं यावर वाद. परीक्षणाला प्रत पाठवणं ही जगभरची रीत आहे असं वास्कोवालीचं म्हणणं आणि ते चूक नाही. तोडगा, पीडीएफ द्यायची, परीक्षण छापून आलं तर छापील प्रत. पटत नाही पण चालवू.

१६ नोव्हेंबर २०२५

पाळी गावात एका गॅरेजमध्ये वाचन. हॉल परवडत नाही असं नाही, पण हॉलमध्ये नेहमीचेच पन्नास चेहरे येतात. गॅरेजवाला लेखकाचा दोस्त, ट्रकखाली तेल गळत होतं तिथे पुठ्ठे टाकले, टायरवर आणि प्लास्टिक खुर्च्यांवर मिळून तीसेक माणसं बसली. लेखकाने वजनकाट्याची कथा वाचली. आवाज बारीक, मान वर नाही, एकदा ओळ चुकली. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एकदम बोलायलाच लागले, काटा असा नसतो, आमच्या वेळी चिठ्ठी वेगळ्या रंगाची होती, नाही नाही तू म्हणतोस ती दुसऱ्या प्लॉटची. लेखक खिशातून पेन काढून लिहून घेत बसला. २३ प्रती गेल्या. एका बाईने दोन घेतल्या, एक बहिणीला, म्हणाली नवरा वाचणार नाही पण त्याच्यावरच आहे.

हे सगळं खाणीच्या बाजूचं किंवा विरोधातलं म्हणून कुणीतरी वापरेल ही भीती मला होती, तसं काही झालं नाही. पर्यावरणवाले पण आले होते एक-दोन, ते मागे उभे राहून ऐकत होते, आणि प्रत विकत घेऊन गेले.

२८ नोव्हेंबर २०२५

आज चार प्रती कायद्याप्रमाणे रवाना. १९५४ चा कायदा आहे, प्रकाशन झाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी, चौघांना एकेक प्रत आपल्या खर्चाने. किती प्रकाशक पाठवतात कुणास ठाऊक. आपण पाठवली. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाचं नाव त्या कायद्यात नाही, पण १८३२ पासूनचं आपलं ग्रंथालय, तिथे आपलंच पुस्तक नसावं हे बरं दिसत नाही, म्हणून पाच विरुद्ध दोन मतांनी एक प्रत द्यायचं ठरलं. नियम मोडला का? मास्तर म्हणतात मोडला. ग्रंथालयाला दिलेली प्रत कॉटखाली जात नाही, असं माझं उत्तर.

टपाल. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा छोट्या प्रकाशकांचं कंबरडंच मोडलं होतं, कुरिअरने दोनशे रुपयांच्या पुस्तकाला ऐंशी रुपये कोण देणार. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर, पाच किलोपर्यंत १००, ट्रॅकिंगसकट. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, पण पुस्तकाला कसली घाई. आमची प्रत वेष्टनासकट काट्यावर २६२ भरली. जुनी २५६ पानी राहिली असती तर वेष्टनासकट तीनशेच्या वर गेली असती आणि प्रत्येक प्रत वरच्या दरात. लेखकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे माझी कथा पोस्टासाठी कापली. नाही रे बाबा.

१३ डिसेंबर २०२५

जत्रांचा सीझन. देवळाच्या मांडवात नाटक सुरू होतं दहा-साडेदहाला, त्याआधी तासभर लोक नुसते बसलेले असतात, ती आमची वेळ. पेडण्याचा नाटककार स्वतः नाटकात काम करत होता, तो तोंडाला रंग लावलेला, कंबरेला तलवार, तसाच टेबलापाशी येऊन पुस्तकं विकायला लागला, लोक त्याच्याबरोबर फोटो काढायचे आणि तो फोटोबरोबर पुस्तक हातात द्यायचा. सोळा गेल्या.

तिकडे पावणीत (देवळातल्या लिलावात) नारळाला हजार-हजार बोली लागत होती. एकजण म्हणाला पुस्तक पण पावणीत घाला. देवस्थान समितीला विचारून बघू म्हटलं, नाटककार तर उत्साहाने निघालाच होता, मास्तरांनी हाताला धरून बसवलं.

१८ जानेवारी २०२६, रविवार

सहामाही हिशेब. मास्तरांच्या वहीतून उतरवून घेते.

आगाऊ ११८ प्रती, २२५ ने, २६,५५०. टेबलावर, वाचनात, फोनवरून थेट १२४ प्रती, पूर्ण किमतीला, ३७,२००. दुकानांतून ७० गेल्या, चाळीस टक्के कमिशन वजा जाता १८० ने, १२,६००. एकूण ३१२ प्रती, ७६,३५०. यातून लेखकाची रॉयल्टी प्रतीला ४५ प्रमाणे १४,०४०. उरले ६२,३१०. खर्च ६२,५००. म्हणजे एकशे नव्वद रुपये तोटा.

मास्तरांनी खिशातून दोनशेची नोट काढून टेबलावर ठेवली आणि दहा रुपये परत द्या म्हणाले. घेतले नाहीत.

दुकानांच्या बारा हजार सहाशेतले अर्धे अजून हातात यायचेत, 'पुढच्या महिन्यात' चालू आहे. पुढच्या वेळी दुकानांना वीसपेक्षा जास्त एका वेळी द्यायच्या नाहीत, संपल्या की पैसे घेऊन मगच पुढच्या. गोव्यातल्या दुकानांपेक्षा कोल्हापूर-सांगलीकडच्या लवकर संपल्या, ज्यांना बोली कळणार नाही अशी काळजी होती तेच.

शिल्लक १७१. पावसाळ्याआधी त्यातल्या निदान शंभर गेल्या पाहिजेत, नाहीतर कसर आणि बुरशी. प्लास्टिकमध्ये बांधून, जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब, आणि कुणाच्याच कॉटखाली नाही.

रॉयल्टीचा चेक लेखकाला दिला. त्याने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आईचा फोन आला, सोहळ्याचं काही बोलल्या नाहीत, रक्कम परत एकदा विचारून खात्री करून घेतली.

८ फेब्रुवारी २०२६, रविवार

दुसऱ्या पुस्तकासाठी आलेल्यांतलं निवडायचं होतं. काणकोणच्या एका बाईंच्या कविता, चांगल्या आहेत, खरंच चांगल्या, पण कविता टेबलावर विकणार कशी हा प्रश्न डॉक्टरांनी काढला आणि तिन्ही कवी एकाच वेळी उठले. डॉक्टरांचं म्हणणं, दुसरं पुस्तक पण कथांचं किंवा नाटकवाल्यांच्या आठवणींचं काढू, जत्रेत हमखास जाईल, त्या पैशातून तिसरं कवितेचं. कवींचं म्हणणं, आता विक्री बघून निवडायचं असेल तर नोंदणी धंदा म्हणून करायची होती. दोन्ही बाजूंना थोडं थोडं पटण्यासारखं आहे म्हणून मी मत दिलं नाही, तर दोन्ही बाजू माझ्यावर चिडल्या. तीन विरुद्ध तीनवर मिटिंग संपली.

बाईंना तोवर काय कळवायचं? मास्तर म्हणाले, काही कळवू नका, आधी त्यांना विचारा की चार घरांच्या अंगणात उभं राहून वाचायची तयारी आहे का. मी फोन केला. त्या म्हणाल्या, अंगणात कशाला, गावातला बचत गट दर मंगळवारी जमतो, तिथे मी वाचतेच. येत्या मंगळवारी मी आणि डॉक्टर जाऊन बसणार, डॉक्टर नको म्हणत होते तरी. मत त्यानंतर.